पूर्ण भावाची बाटली

यमुताई पोतनीसांनी आयुष्यात एकच गोष्ट पूर्ण भावानं घेतली आणि ती म्हणजे त्यांचा नवरा, असं नागपुरातल्या नंदनवन वस्तीतल्या बायका म्हणायच्या. थट्टा सोडली तरी त्यात फारसं खोटं नव्हतं. मिलच्या दुकानात काठाला तेलाचा डाग लागलेले तागे कोणत्या वारी येतात, वरून सुकलेलं पण आतून रसाळ संत्रं कसं ओळखायचं, पोचा आलेली पितळी घागर कोणत्या दुकानदाराला डोईजड झाली आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. घासाघीस त्या करत नसत. ज्याला वस्तू कळत नाही तो घासाघीस करतो, असं त्यांचं मत होतं. वस्तू उलटीपालटी करून बघायची, तिच्यातला दोष दुकानदाराला बोटानं दाखवायचा आणि गप्प उभं राहायचं. थोड्या वेळानं भाव आपोआप खाली यायचा.

त्यांची आणखी एक सवय होती. घरातला कुठलाही डबा, कुठलीही बरणी त्या पार रिकामी होऊ देत नसत. तळाशी मूठभर तांदूळ, दोन बोटं तेल, चिमूटभर साखर राखायचीच. त्यांच्या आईची तीच रीत होती आणि आजीचीही. रिकामं भांडं घरातलं आणखी काहीतरी रिकामं करतं, एवढंच कारण त्यांना माहीत होतं आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

मधुसूदनराव पोतनीस सदरमधल्या एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे. त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात त्यांना विषमज्वर झाला. ताप उतरला, पण माणूस काही वर येईना. दिवाळी आली नि गेली तरी पलंगावरून न्हाणीघरापर्यंत जाताना ते भिंत धरायचे. पोरबाळ नव्हतं. यमुताईंना सासर-माहेर जे काही होतं ते त्या पलंगावर पडलेलं होतं. डॉक्टरांनी चष्मा पुसत सांगितलं, "रोज संध्याकाळी जेवणाआधी एक औंस लाल वाईन द्या. परवान्याचा कागद मी लिहून देतो." यमुताईंनी आयुष्यात दारूची बाटली हातात धरली नव्हती. त्यांनी फक्त विचारलं, "ती कुठं मिळते, आणि तिच्यात खोट कशी ओळखायची?"

सदरला एका पारशाचं जुनं दुकान होतं. पुढं बिस्किटं, मुरांबे, चीजचे डबे. मागच्या भागात परवान्यावर मिळणाऱ्या बाटल्या. पदर खांद्यावरून घेतलेली, नऊवारी नेसलेली बाई तिथं शिरली तेव्हा मुरांबा घ्यायला आलेली दोन माणसं मुरांबा विसरली. यमुताईंनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. त्यांची नजर दाराआडच्या खालच्या फळीवर गेली होती. तिथं धूळ खात पडलेल्या बाटल्या होत्या. कुणाचं लेबल वाळवीनं खाल्लेलं, कुणाचं ओलीनं सुटलेलं, काही क्लबात उरलेल्या, काही बदली होऊन गेलेल्या साहेबांच्या घरून आलेल्या. त्या सगळ्या निम्म्या भावात होत्या.

गिरिधर नावाचा पन्नाशीचा माणूस तिथं विकायला उभा असायचा. तो भंडाऱ्याकडचा. पहिल्याच दिवशी त्यानं ओळखलं की ही बाई शिकायला आली आहे.

"ताई, शिशी उभी ठेवली का बूच सुकते," तो म्हणाला. "आडवी ठेवलेलीच घ्या. बूच वर उचललं असन तर समजा, उन्हानं मेली."

"आणि तळाशी हा गाळ आहे तो?"

"गाळाचं काही नाही. गाळ असला तं चांगलं. मानेत किती भरून हाये ते पाहा. मानेखाली उतरली असन तं हात नोका लावू."

दोन महिन्यांत यमुताई गुरूच्या पुढं गेल्या. बाटली दाराच्या उजेडाकडं धरून तांबडा रंग कडेला विटकरी झाला आहे की नाही हे त्या बघत. बुचाला नाक लावून, एक थेंबही जिभेवर न घेता, आतला माल जिवंत आहे की आंबला आहे हे सांगत. गिरिधर इतर गिऱ्हाइकांना म्हणे, "त्या ताईनं ठेवून देल्ली ते नोका घेऊ." पण एवढं करूनही मधुसूदनरावांच्या गालावर रंग काही चढेना.

चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीनंतर खालच्या फळीवर सहा नव्या बाटल्या आल्या. परदेशी, लाखेनं मोहरबंद, मानेपर्यंत भरलेल्या, गाळ शांत बसलेला. भाव मात्र एकतृतीयांश. यमुताईंनी एकेक बाटली फिरवून बघितली आणि त्यांना दोष सापडला. प्रत्येक लेबलावर पेन्सिलीनं आडव्या बारीक रेघा ओढल्या होत्या. वरून खाली, सारख्या अंतरावर, चोवीस.

त्यांना हसू आलं. नोकरमाणसानं चोरून घेऊ नये म्हणून बाटलीवर खूण करण्याची रीत त्यांना माहीत होती. तुपाच्या बरणीवर त्याही करायच्या. पण हसू पुरतं उमटायच्या आत त्यांच्या लक्षात आलं की लाख तर फुटलेली नाही. न उघडलेल्या बाटलीवर कशाची खूण?

सहावी बाटली वेगळी होती. तिच्यावर नऊच रेघा होत्या. नववी रेघ अर्ध्यावरून खाली घसरली होती आणि पुढं लेबल कोरं होतं.

"कुठून आल्या रे या?"

"सिविल लाईनमधल्या बंगल्यातून. साहेब मेला, सामान विकून राहिले." गिरिधरनं गल्ल्यावर बसलेल्या शेटजींकडं चोरून पाहिलं आणि आवाज उतरवला. "ताई, दुसरी काही पाहा ना."

"वाईनला सोयर-सुतक नसतं," यमुताई म्हणाल्या आणि चोवीस रेघांची एक बाटली उचलली. नऊवाली त्यांनी मागं सरकवली. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. दोष दिसत होता, पण तो दाखवून भाव पाडावासा वाटला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी एक औंस मोजला आणि बाटली परत ठेवताना बघितलं. वाईन बरोबर पहिल्या रेघेशी थांबली होती. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रेघेशी. ज्या कुणी रेघा ओढल्या त्या घरीही औंसाचंच माप होतं, असं त्यांनी मनाला समजावलं. ते पटण्यासारखं होतं. आणि आठव्या रेघेला मधुसूदनराव भिंत न धरता न्हाणीघरात गेले, तेव्हा समजावण्याची गरजच उरली नाही. यमुताई स्वयंपाकघरात जाऊन आनंदानं रडल्या.

बावीस रेघा झाल्या की त्या बाटली थांबवायच्या. तळाशी दोन बोटं ठेवायच्या, त्यांच्या रीतीप्रमाणं. मग सदरला जाऊन पुढची आणायच्या. मधुसूदनरावांना भूक लागू लागली. ते वर्तमानपत्र मागू लागले, वरणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरू लागले. यमुताईंना ती कुरकुर गाण्यासारखी वाटायची.

महाशिवरात्रीला दोघांचा उपास होता. त्या दिवशी वाईन दिली नाही. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर वाईन एक रेघ खाली गेलेली. यमुताईंनी बूच तपासलं, ते घट्ट होतं. फळी कोरडी होती. उंदीर बूच काढून पितो आणि परत लावून ठेवतो, असं मानायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी नवऱ्याकडं वळून बघितलं. कालच्यापेक्षा आज त्याच्या ओठांवर एक छटा जास्तच लाली होती.

एप्रिल लागला. नागपूरची दुपार म्हणजे काय हे ज्यानं भोगलं त्यालाच कळतं. बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, दारं-खिडक्या बंद, वाळ्याच्या ताटीवर मारलेलं पाणी घटकेत वाळतं, आणि आवाज म्हणाल तर काहीच नाही. अशा एका दुपारी, पाचवी बाटली चालू असताना, यमुताईंना स्वयंपाकघरातून आवाज आला. कागदावर कुणी पेन्सिल ओढावी तसा. एक ओढ, मग थोडी उसंत, मग दुसरी. त्या जागच्या जागी मोजू लागल्या. नऊ झाल्या. मग काहीतरी हलकं, लाकडी, फरशीवर पडलं आणि गडगडत दाराकडं गेलं. त्या उठून आत गेल्या. फरशीवर काही नव्हतं. कपाट बंद होतं. पण ते उघडल्यावर पावडरीचा एक जुनाट, गोडसर वास आला. त्यांच्या घरात कधीच कुणी पावडर लावत नसे.

पाचवी बाटली दोन बोटांवर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अजून तीन आठवडे द्या, मग बंद. जूनपासून कचेरीत जायला हरकत नाही."

यमुताईंनी आधी दुसरी वाईन आणून पाहिली. मुद्दाम चांगली निवडली होती. मधुसूदनरावांनी ती पहिल्याच घोटाला ओकून टाकली आणि दोन दिवसांत पुन्हा भिंत धरली. तिसऱ्या दिवशी यमुताई पारशाच्या दुकानात खालच्या फळीशी ओणव्या झाल्या. नऊ रेघांची बाटली होती तिथंच होती. चार महिन्यांत तिच्यावर धूळ बसली नव्हती.

"ताई, हे नोका नेऊ," गिरिधर म्हणाला.

"काहून?"

शेटजी समोरच होते. "असंच," असं म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

बाटली घरी आली. पहिल्याच औंसाला मधुसूदनराव सावरले. यमुताईंना मात्र रात्र रात्र झोप येईना. त्यांचा आता पक्का समज झाला होता की रेघा म्हणजे पिणाऱ्याचे दिवस. जितक्या रेघा तितके दिवस, आणि नऊनंतर कोरा कागद. आठ रेघा संपल्या. नवव्या दिवशी सकाळी नवरा दाढी करायला बसलेला असताना त्यांनी त्याच्या कचेरीच्या पिशवीतून लाल-निळी पेन्सिल काढली, कपाटाशी पाठ करून बसल्या आणि निळ्या टोकानं दहावी रेघ ओढली.

पहिल्या दोन-तीन रेघा सहज गेल्या. मग हात गार पडू लागला, आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत. बाहेर उन्हाचा चटका आणि त्यांच्या हाताला हुडहुडी. लेबल जणू उतार होऊन पेन्सिल ओढून घेत होतं. तरी त्या थांबल्या नाहीत. माझा माणूस मी सोडणार नाही, असं त्या पुटपुटत होत्या. बावीस झाल्या आणि हात सवयीनं थांबला. तळाशी दोन बोटं राखायची, ती जागा त्यांनी कोरी सोडली.

ती संध्याकाळ गेली. दुसरा दिवस उजाडला. मधुसूदनरावांनी दुसरी भाकरी मागितली. यमुताईंना वाटलं, आपण जिंकलो. त्याच दुपारी, डोक्याला ओला पंचा गुंडाळून, कनवटीला कांदा बांधून त्या सायकलरिक्षानं सदरला गेल्या. शेटजी दुपारी जेवायला घरी जातात हे त्यांना माहीत होतं. दुकानात गिरिधर एकटाच पंख्याखाली बसला होता.

"आता सांग," त्या म्हणाल्या.

गिरिधरनं बराच वेळ हातातलं फडकं पिळलं. "माही मावशी, सुभद्रा, त्या बंगल्यात कामाले होती," तो म्हणाला. "साहेबाले छातीचं दुखणं. डाक्टरनं रोजचा एक औंस सांगितला होता. सा शिशा आल्या त्याच दिवशी मॅडम पेन्सिल घेऊन बसली. म्हणे, मी आधीच रेघा मारून ठेवतो, जितक्या रेघा मारीन तितके दिवस तं तुले जगाच लागन. भर दुपारची वेळ. पाच शिशा झाल्या. सहावीवर नऊ मारल्या अन् तिथंच मान टाकली. पेन्सिल हातातून पडली ते दारापर्यंत गडगडत गेली. मावशीनं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं."

यमुताईंच्या कानात तो फरशीवरचा आवाज पुन्हा झाला. "आणि साहेब?" त्यांनी विचारलं.

"साहेब चार वर्सं जगला. पण त्यानं त्यातला एक थेंब नाही घेतला. मावशीले म्हणे, इच्यात माह्या बायकोचे दिवस हायेत, मी कसा पिऊ?"

गिरिधरनं माठातलं पाणी दिलं, ते यमुताईंनी हातात धरून ठेवलं. आयुष्यभर त्यांनी वस्तूतला दोष ओळखला होता, आणि इथं तो उलटा वाचला होता. रेघा पिणाऱ्याच्या दिवसांच्या नव्हत्या, ओढणाऱ्याच्या होत्या. त्या परक्या बाईचे पाच बाटल्यांतले दिवस त्यांनी निम्म्याहून कमी भावात घेतले होते आणि नवऱ्याला पाजले होते. सहावीत आता त्यांचे स्वतःचे होते.

घरी आल्या तेव्हा मधुसूदनराव ओट्यावर बसून पिशवीत कचेरीच्या वस्तू भरत होते. "अगं, माझी पेन्सिल कुठं आहे?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत होता. यमुताईंनी पेन्सिल दिली. दिवेलागणीला त्यांनी कपाट उघडलं आणि बाटली हातात घेतली. मोरी चार पावलांवर होती. मग त्यांनी नेहमीसारखा औंस मोजला आणि नवऱ्याच्या हातात दिला. त्यांना भीती वाटत होती आणि त्यांचा निर्णय झालेला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

त्यानंतर आणखी बारा संध्याकाळी हे चाललं. रोज एक निळी रेघ. रोज सकाळी फणीला जास्त पांढरे केस. मधुसूदनराव म्हणाले, "माझ्या सेवेनं तू वाळलीस गं." बावीस झाल्या आणि बाटली थांबली. तळाशी दोन बोटं वाईन उरली. यमुताईंनी बूच लाखेनं बंद केलं आणि बाटली कपाटाच्या वरच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळून ठेवली. आपण त्या दोन बोटांवर जगतो आहोत, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

पुढची दहा वर्षं बाहेरून बघणाऱ्याला अगदी साधी दिसली असती. मधुसूदनराव कचेरीत गेले, बढती मिळाली, निवृत्त झाले. यमुताई डागाळलेले तागे आणि पोचे आलेल्या घागरी आणत राहिल्या. पारशाच्या दुकानाकडं त्या पुन्हा फिरकल्या नाहीत. तुपाच्या बरणीवर खूण करायची सोडून दिली. घरात पेन्सिल दिसली की उचलून ठेवायच्या. आणि दर वर्षी उन्हाळा संपला की फडकं सोडून बघायच्या. नागपूरचं ऊन लाखेलाही जुमानत नाही. दर वर्षी दोन बोटांतलं केसभर कमी झालेलं असायचं.

चौऱ्याऐंशीच्या मेमध्ये बाटलीच्या तळाशी फक्त तांबूस डाग राहिला होता. तो बघून कपाट लावायच्या आत यमुताई खाली पडल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे मात्र लख्ख होते.

नव्या डॉक्टरांनी औषधं लिहिली. मधुसूदनरावांना जुनं आठवलं. ज्या वाईननं आपण उठलो ती हिला का नको? पासष्टीचा माणूस भर उन्हात स्वतः सदरला गेला. खालच्या फळीकडं त्यानं बघितलंही नाही. सगळ्यांत वरची, नवी कोरी बाटली मागितली आणि भाव न विचारता घेतली. बायकोसाठी आज तरी सवलत नको, असं त्याच्या मनात आलं. कपाटात माप शोधताना त्यांना फडक्यातली जुनी बाटली सापडली. नऊ काळ्या रेघा, तेरा निळ्या. निळ्या कुणाच्या हे त्यांनी लगेच ओळखलं आणि त्यांना भरून आलं. आपला एकेक दिवस हिनं असा मोजून काढला होता.

दुपारी ते पलंगाशी खुर्ची ओढून बसले. मांडीवर नवी बाटली, हातात फूटपट्टी आणि कचेरीतली लाल-निळी पेन्सिल.

"बघ, तुझ्यासारख्याच ओढतो," ते म्हणाले. "चोवीस ओढतो. चोवीस दिवसांत तू उठून बसशील."

यमुताईंनी डोळ्यांनी सांगून पाहिलं. ते हसले. रेकॉर्ड सांभाळलेला हात होता, रेघा सरळ आणि भराभर उतरू लागल्या. यमुताई मोजत होत्या. बारा. तेरा. ते थांबून बोटं चोळू लागले. "गार कसा पडला हात," असं स्वतःशीच म्हणाले आणि पुन्हा ओढू लागले. अठरा. एकोणीस. वीस. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ निळसर झाले होते. एकवीस. बावीस. ते थांबतील म्हणून यमुताईंनी श्वास रोखला. पण तळाशी काही राखायची सवय त्यांची नव्हती. ती यमुताईंची होती. तेविसावी रेघ ओढली गेली. चोविसाव्या रेघेसाठी त्यांनी फूटपट्टी खाली सरकवली.

यमुताईंच्या डाव्या हातात जेवढा जीव उरला होता तेवढा त्यांनी एकवटला आणि बाटलीला धक्का दिला. ती फरशीवर पडून फुटली. लाल वाईन उंबऱ्यापर्यंत वाहत गेली. मधुसूदनराव दचकून उभे राहिले, मग खाली बसून काचा वेचू लागले. थोड्या वेळानं त्यांच्या ओठांचा रंग परत आला. यमुताई ते बघत होत्या. चौथ्या दिवशी दुपारी त्या गेल्या, तेव्हाही त्यांची नजर नवऱ्याच्या ओठांवर होती.

मधुसूदनराव अजून ठणठणीत आहेत. संध्याकाळी ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बायकोच्या गोष्टी सांगतात. डागाळलेल्या ताग्यांची सांगतात, घागरींची सांगतात, आणि शेवटी त्या बाटलीची.

"आयुष्यभर तेलाचा थेंब सांडू दिला नाही तिनं," ते म्हणतात. "आणि ती बाटली फोडली. मी पूर्ण भावानं आणली ना, म्हणून रागावली असेल."